येरळेच्या काठाकाठानं

साताऱ्याहून पंढरपूरच्या रस्त्याला लागलं की कोरेगाव मागे पडतं आणि थोड्याच वेळात वर्धनगडाचा घाट सुरू होतो. घाट लहानच, पण साताऱ्यात याच्याइतकी ठळक सीमारेषा दुसरी नसेल. मागे कोरेगावच्या बाजूला ऊस, आलं, घेवडा. खिंड ओलांडली की समोर खटावचा उघडा, पिवळट माळ. डोंगराच्या पश्चिम उतारावर पडलेलं पाणी फार न रेंगाळता कृष्णेला मिळतं. पूर्व उतारावर पडलेल्या पाण्याला मात्र दक्षिणेकडे जाऊन, सातारा जिल्हा सोडून, सांगली जिल्ह्यातले तालुके ओलांडून मग कृष्णा भेटते. या साधारण सव्वाशे किलोमीटरच्या वळशाचं नाव येरळा. फाल्गुनातलं ऊन तापायला लागलं होतं आणि नदीचा खरा चेहरा याच दिवसांत दिसतो, म्हणून या वळशाच्या काठानं वरून खाली उतरत जायचं मी ठरवलं.

खटाव तालुक्याच्या उत्तर टोकाला, महादेव डोंगररांगेत येरळा उगम पावते. या रांगेतून दोन फाटे दक्षिणेला उतरतात. पश्चिमेचा वर्धनगडापासून मच्छिंद्रगडाकडे जाणारा, पूर्वेचा महिमानगडापासून पन्हाळ्याच्या दिशेनं जाणारा. या दोन फाट्यांमधली लांबट खोलगट जमीन म्हणजे येरळेचं खोरं. सह्याद्रीवर आपटून रिकामे झालेले ढग इथवर पोचतात तेव्हा त्यांच्यात फारसं काही उरलेलं नसतं. महाबळेश्वराला वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत नव्वदेक किलोमीटरवर असलेल्या वडूज परिसरात पाचशेच्या आगेमागे. जिल्हा एकच, पण पावसाच्या हिशेबानं ही दोन वेगळी राज्यं आहेत.

उगमाजवळ नदी शोधावी लागते. पाच-सहा ओघळी, त्यांचा एक ओढा, ओढ्यात करंज, बाभळी आणि मुरमाचे पांढरट पट्टे. पाणी कुठं दिसलंच तर एखाद्या बंधाऱ्यामागे, हिरवट आणि गुडघाभर. बंधाऱ्यावर मेंढरं पाजायला आलेल्या धनगर आजोबांनी विचारलं, "पाव्हणं, मोजणीला आलाय का?" या भागात नदीकाठी वही घेऊन फिरणारा माणूस मोजणीलाच येतो. एक तर बंधाऱ्याच्या, नाहीतर वाळूच्या.

पुसेगावजवळचा नेर तलाव हा येरळेचा पहिला मोठा मुक्काम. ब्रिटिशांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा तलाव बांधला. दुष्काळ पडला की सरकारी कामावर माणसं लावायची आणि त्यातून तलाव, रस्ते उभे करायचे, हा त्या काळाचा शिरस्ता. खालच्या माण खोऱ्यातला राजेवाडीचा तलावही त्याच दुष्काळी पर्वातला. भुकेल्या माणसांनी टोपल्या वाहून रचलेले हे बांध सव्वाशे-दीडशे वर्षांनंतरही पाणी धरून आहेत.

पण आज नेर तलावात जे पाणी दिसतं ते सगळं या डोंगरातलं नाही. जिहे-कठापूरला कृष्णेवर बंधारा घालून तिथून पाणी उपसायचं, पंपांनी टप्प्याटप्प्यानं वर चढवायचं, वर्धनगडच्या बोगद्यातून डोंगरापलीकडे आणून नेरमध्ये सोडायचं आणि पुढे येरळेत, शिवाय आणखी एका बोगद्यानं आंधळी धरणाकडे, माणगंगेत न्यायचं, अशी ही योजना. तिला आता गुरुवर्य लक्ष्मणराव इनामदार यांचं नाव आहे. मंजुरी 1990च्या दशकातली. पाणी नेरमध्ये पडायला त्यानंतर दोन दशकांहून जास्त काळ गेला. त्या पाण्याची वाट पाहत एक पिढी म्हातारी झाली.

तलावाच्या भिंतीवर उभं राहून मनाशी नकाशा मांडला. येरळा ही कृष्णेची उपनदी. म्हणजे कृष्णेला पाणी देणं हे तिचं काम. इथं कृष्णेचंच पाणी विजेच्या जोरावर डोंगर चढून उपनदीच्या माथ्यावर येतं, उपनदीतून वाहतं आणि जे काठच्या शेतांत जिरत नाही ते खाली पुन्हा कृष्णेकडे निघतं. तहानलेल्या गावांसाठी हे झालंच पाहिजे होतं, यात मला शंका नाही. पण या पाण्याला वीजबिल आहे, आवर्तनाचं वेळापत्रक आहे. पावसाच्या पाण्याला दोन्ही नाही. म्हणून या खोऱ्यात पडणाऱ्या पाचशे मिलिमीटरचं काय होतं, हा प्रश्न पंप सुरू झाल्यानंतरही तितकाच महत्त्वाचा राहतो. पुढचा सगळा रस्ता हाच प्रश्न सोबत होता.

पुसेगाव म्हणजे सेवागिरी महाराज. महाराजांनी 10 जानेवारी 1948 रोजी देह ठेवला. मार्गशीर्षात त्यांची रथयात्रा भरते. रथावर भाविक नोटांच्या माळा चढवतात, आणि यात्रेतला जनावरांचा बाजार खिल्लार बैलांसाठी लांबलांबून माणसं ओढतो. खिल्लार ही कोरड्या मुलखाची जात: उंच, काटक, लांब चालीची, कडब्यावर तग धरणारी. कमी पाण्यात काय टिकतं याचं ज्ञान इथल्या माणसांनी जनावरांच्या निवडीत साठवून ठेवलंय.

पिकांचंही तसंच होतं. बाजरी, मटकी, रब्बीला शाळू. पुसेगावचा बटाटा बाजारात नाव कमावून आहे. आता पाणी दिसू लागल्यावर काठावर ऊस चढतोय. ज्यांनी जन्मभर जिराईत केलं त्यांना उसाचा मोह होऊ नये असं शहरातल्या माणसानं सांगणं शोभत नाही. मात्र एका उसाच्या पाण्यात ज्वारीची कितीतरी शेतं निघतात हेही खोटं नाही, आणि खटावातले जाणते शेतकरी ते स्वतःच बोलून दाखवतात.

पाऊस अडवण्याचं काम पाहायचं तर मुख्य नदी सोडून ओढ्यांच्या अंगानं आत जावं लागतं. जाखणगाव ओढ्यांवरच्या कामांसाठी नावाजलं गेलं. औंधच्या बाजूला भोसरे आहे, सरनौबत प्रतापराव गुजरांचं गाव. 2017च्या वॉटर कप स्पर्धेत भोसऱ्यानं राज्यात दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस वाटून घेतलं. उन्हाळ्यातले 45 दिवस गाव डोंगरावर होतं. माथ्यावर सलग समतल चर, त्याखाली दगडी बांध, ओघळीवर माती नाला बांध, पायथ्याला शेततळी. क्रम असाच लागतो: माथा ते पायथा. वरचं पाणी आधी थांबवलं तरच खालचा बांध टिकतो. उलट केलं तर पहिल्या वळवात सगळं वाहून जातं. काम करणाऱ्यांत सातवी शिकलेल्या मावश्या होत्या आणि ए-फ्रेम घेऊन समपातळी रेषा आखण्यात त्या तरबेज झाल्या. पाणलोटाचं शास्त्र इतक्या लोकांच्या हातात याआधी कधी आलं नसावं.

याच भागात वडगाव आहे, जयराम स्वामींचं. समर्थ रामदास, जयराम स्वामी, निगडीचे रंगनाथ स्वामी, ब्रह्मनाळचे आनंदमूर्ती आणि भागानगरचे केशव स्वामी यांना मिळून दासपंचायतन म्हणतात. त्या पाचांतले दोघे एकाच येरळेच्या खोऱ्यात, एक वरच्या अंगाला आणि एक थेट संगमावर. सतराव्या शतकात ही माणसं या नदीच्या वाटेनंच एकमेकांकडे जात-येत असतील असं मला सारखं वाटत राहिलं.

वडगावच्याच परशुराम घार्गे यांनी 9 सप्टेंबर 1942 रोजी वडूजच्या कचेरीवर मोर्चा नेला. कचेरीवर तिरंगा लावायचा, एवढाच बेत. पोलिसांनी गोळीबार केला, घार्ग्यांसह नऊ जण पडले. त्याआधी सहा दिवस, 3 सप्टेंबरला, तासगावच्या कचेरीवर मोर्चानं तिरंगा फडकवला होता आणि तिथं गोळी चालली नव्हती. कोरडवाहू गावांमधली ही माणसं पुढे प्रतिसरकारच्या वर्षांतही मागे राहिली नाहीत. वडूजला हुतात्मा स्मारकाजवळ थांबल्यावर त्यांची नावं सावकाश वाचावीत.

औंधची वाट इथून जवळच फुटते. यमाईचा डोंगर, त्यावर भवानराव पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये उभारलेलं संग्रहालय, आणि त्या संग्रहालयात हेन्री मूरचं मायलेकराचं शिल्प. याच राजानं 1939 मध्ये आपले अधिकार प्रजेकडे सोपवले आणि त्याआधी, 1910 मध्ये, लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचा ओसाड माळ कारखान्यासाठी दिला. औंधवर स्वतंत्र लिहायला हवं. येरळेच्या गोष्टीत एवढंच की पाणी नसलेल्या या मुलखात कल्पनांचा दुष्काळ कधी नव्हता.

वडूजच्या खाली येरळवाडीचं धरण. फाल्गुनात पाणी मागे सरतं, काठाचा गाळ उघडा पडतो आणि त्या उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात. मान खाली, चोच उलटी करून गाळातून अन्न गाळत राहतात. पट्टकदंब हंस हिमालयापलीकडून येतात, चक्रवाकही येतात. थोडं पुढे मायणीचा तलाव, चांद नदीवर ब्रिटिश काळात बांधलेला. तिथलं पक्षी अभयारण्य जुन्या पक्षिनिरीक्षकांच्या आवडीचं. मधल्या काळात तलाव गाळानं भरला, दुष्काळात आटला, पक्ष्यांनी पाठ फिरवली. 2021 मध्ये मायणी, येरळवाडी आणि आसपासचे पाणवठे एकत्र धरून पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं. निर्णय शहाणपणाचा, कारण पक्षी एका तलावाचे नसतात. इथं पाणी वाढलं की ते तिकडे जातात, तिकडे आटलं की इकडे येतात. त्यांना हवं असतं उथळ पाणी. म्हणजे तलाव कायम तुडुंब ठेवणं हे पक्ष्यांच्या दृष्टीनं संकटच. उपसा योजनेचं पाणी सोडताना हा हिशेबही कुणीतरी धरला पाहिजे.

मायणी सोडली की सांगली जिल्हा. कडेगाव आणि खानापूर या तालुक्यांतून येरळा खाली उतरते आणि या पट्ट्यात दुष्काळानं घडवलेला एक विलक्षण धंदा भेटतो. विटा आणि भोवतालच्या गावांतली माणसं गलाईच्या कामासाठी देशभर पसरलीत. जुने दागिने वितळवायचे, तेजाबात घालून सोनं-चांदी वेगळी करायची, शुद्ध लगड हातात द्यायची. केरळपासून पंजाबपर्यंत सराफकट्ट्यांच्या गल्लीत खानापूर-आटपाडीकडचा माणूस सापडतो. पोरगा पंधरा-सोळाचा झाला की मामाबरोबर नाहीतर चुलत्याबरोबर रवाना व्हायचा. यात्रेच्या दिवसांत गावात तमिळनाडू, केरळच्या नंबरप्लेटच्या गाड्या उभ्या राहतात, घरातली मुलं आजीशी मराठी आणि आपसांत तमिळ बोलतात. गावातली देवळं, शाळांच्या खोल्या यांत गलाईचा पैसा आहे. पावसानं हाकललेल्या माणसांनी गावाशी नातं तोडलं नाही, हे मला फार मोठं वाटतं.

या खोऱ्यातली सगळ्यात महत्त्वाची जागा मात्र बलवडीजवळ आहे. तिथं येरळेच्या पात्रात बळीराजा धरण उभं आहे.

येरळेसारखी नदी पावसाळ्यानंतर वरून कोरडी पडते, पण तिच्या पात्रात पुरुष-दोन पुरुष वाळू असते आणि त्या वाळूत पाणी थांबतं. वाळू हा नदीचा माठ. काठच्या विहिरी त्यावर चालतात, हाताने खड्डा काढला की प्यायचं पाणी मिळतं. ट्रक आले, बांधकामं वाढली आणि वाळूचे लिलाव सुरू झाले. महसूल सरकारला, नफा ठेकेदाराला, आणि विहिरी आटल्या गावाच्या. 1980च्या दशकात खानापूर तालुक्यात दुष्काळ ठाण मांडून बसला, 1982च्या गिरणी संपानंतर मुंबईहून परतलेल्या कामगारांची भर पडली. रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या माणसांनी डॉ. भारत पाटणकरांच्या मुक्ती संघर्ष चळवळीत प्रश्न उभा केला की दर दुष्काळात आपण खडीच का फोडायची? दुष्काळच हटेल असं काम का मागायचं नाही? विज्ञान चळवळीतले कार्यकर्ते आले, पावसाच्या नोंदी पाहिल्या गेल्या, पिकांचा आणि विहिरींचा हिशेब मांडला गेला.

त्यातून बलवडी आणि तांदूळवाडी या दोन गावांनी लहान धरण स्वतः बांधायचं ठरवलं. अभियंता के. आर. दाते यांचं तांत्रिक मार्गदर्शन मिळालं. पैशासाठी लोकांनी मागणी केली की नदीतली थोडी, मोजकी वाळू आम्हीच विकू आणि त्या पैशातून धरण बांधू. ठेकेदाराला वाळू देणाऱ्या सरकारला ही मागणी पचायला जड गेली. आंदोलन करावं लागलं, मग परवानगी मिळाली. विद्यार्थी, शहरांतले कार्यकर्ते श्रमदानाला आले. दशक संपता संपता धरण उभं राहिलं.

धरण म्हटल्यावर भव्य काही डोळ्यांपुढे येत असेल तर इथं निराशा होईल. पात्राच्या रुंदीची एक ठेंगणी भिंत आहे, तिच्यावरून चालत पलीकडे जाता येतं. मोठी होती ती पाणीवाटपाची अट. पाणी जमिनीच्या मापानं द्यायचं नाही, माणसांच्या हिशेबानं, कुटुंबागणिक सारखं; भूमिहीनालाही वाटा. पुरंदरातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी 1972च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीत जे सूत्र लावलं, त्याचीच ही पुढची पायरी. उसाला या पाण्यात जागा नव्हती. गेल ऑम्व्हेट यांनी या लढ्याबद्दल लिहिलं आणि तो जगाच्या अभ्यासकांपर्यंत पोचला. त्या स्वतः वाळवा तालुक्यात, कासेगावला राहत आणि 2021 मध्ये तिथंच त्यांचं निधन झालं.

बलवडीचा धागा पुढे आटपाडीला गेला. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं 1993 पासून तिथं पाणी परिषदा भरू लागल्या. सातारा, सांगली, सोलापुरातल्या तेरा दुष्काळी तालुक्यांची माणसं तिथं जमत. 1996 मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ झालं, कराडजवळच्या टेंभूची योजना त्याच काळात मार्गी लागली. आज टेंभू आणि ताकारीचं पाणी येरळेच्या दोन्ही अंगांना फिरतं, आणि उन्हाळा लागला की ते नदीत सोडा, ही मागणी दरसाल होते. गावात भेटल्यावर ख्यालीखुशालीच्या आधी विचारतात ते हेच: "पाणी सुटलं का?"

इथं नदी सोडून उजवीकडे वळून सोनहिऱ्याचं खोरं पाहिलंच पाहिजे. सोनहिरा हा ओढा, पण त्यानं एका प्रदेशाला नाव दिलं. देवराष्ट्रे इथलंच, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. गावामागे सागरेश्वराचा डोंगर आहे. बोडक्या डोंगरावर धों. म. मोहिते यांनी झाडं लावून, राखून जंगल उभं केलं. 1985 मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. हरणं सोडली, ती वाढली, इतकी की आता भोवतालच्या शेतकऱ्यांना रात्री राखण करावी लागते. उघड्या डोंगरावरून धो धो उतरणारं पाणी झाडांखाली मुरायला लागलं, हे त्या माणसाचं न दिसणारं काम.

तासगाव तालुक्यात नदीकाठ पुरता बदलतो. मांडवावर चढलेले द्राक्षांचे वेल, फळछाटणी झालेले, घडांनी वाकलेले. थॉम्पसन सीडलेसमधून निवडलेला तास-ए-गणेश हा वाण याच तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्व्यांनी दिला, आणि त्यानं महाराष्ट्राची द्राक्षशेती बदलली. बाजारात न गेलेली द्राक्षं बेदाण्याच्या शेडवर जातात. डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवायची, जाळीच्या कप्प्यांवर पसरायची आणि वाऱ्याला सोडायची. आर्द्रता कमी, वारा कोरडा, पाऊस मार्चमध्ये बहुधा नसतोच. म्हणून बेदाणा इथं साधला. ज्या कोरड्या हवेनं आजोबांना मुंबई दाखवली तीच हवा नातवाला बेदाण्याचा भाव मिळवून देते. अवकाळी आला की मात्र शेडवरच्या बायका ताडपत्र्या ओढत धावतात, आणि अलीकडे ही धावाधाव वाढलीय.

वसगडे ते नांद्रे या पट्ट्यात मिरजेकडे जाणारी रेल्वे येरळा ओलांडते. आता माळ संपलेला असतो. काळी, खोल जमीन, हळद, ऊस. आणि मग ब्रह्मनाळ.

ब्रह्मनाळला येरळा कृष्णेला मिळते. आनंदमूर्तींचं स्थान नदीकाठीच आहे. गावाच्या मनात मात्र 8 ऑगस्ट 2019 ही तारीख कोरली गेलीय. त्या आठवड्यात कृष्णेचा महापूर चढत होता. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट. पाणी 57 फुटांच्या वर गेलं. संगमावरच्या गावाला दोन्ही बाजूंनी वेढा पडला, कारण भरलेली कृष्णा येरळेला आत घेत नाही, उलट स्वतःच येरळेच्या पात्रात मागे शिरते. गावकरी बोटीतून बाहेर पडत असताना बोट उलटली आणि सतरा माणसं गेली. त्यांत आया होत्या, लेकरं होती. त्या पाण्यात पाऊस बहुतेक सगळा सह्याद्रीवरचा होता. त्याच ऑगस्टमध्ये वर, खटाव-माणच्या कितीतरी गावांत टँकर चालू होते.

म्हणजे कृष्णा या उपनदीत दोन वाटांनी शिरते: माथ्यावर बोगद्यातून, मोजून मापून, आणि मुखाशी महापुरात, कुणालाही न विचारता. पुराचं जादा पाणी दुष्काळी तालुक्यांकडे वळवावं अशी मागणी 2019 नंतर जोर धरू लागली, त्यावर योजना आखल्या जाताहेत. पण पूर असतो चार-आठ दिवस, आणि त्या दिवसांत पंप कितीही फिरले तरी त्या लोंढ्यातला लहानसा भागच उचलला जाईल. उरलेल्या पुरासाठी पूररेषेतली बांधकामं आणि धरणांतून पाणी सोडण्याची वेळ याच गोष्टी बघाव्या लागतील. आणि खटावच्या गावांना ऑक्टोबरात काठोकाठ भरलेले बंधारे हवेत. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या परतीचा पाऊस ओसरताना वेळेवर बसल्या, त्यांची रबरं बदललेली असली, तर कितीतरी पाणी तिथल्या तिथं थांबतं. आठवडाभर उशीर झाला तर ते निघून जातं. येरळेवर असे बंधारे जागोजागी आहेत आणि त्यांतले बरेचसे मी पाहिले तेव्हा गळत होते. काही ठिकाणी फळ्या चोरीला गेलेल्या, काही ठिकाणी नुसते खांब. एका बंधाऱ्यावर मात्र गावच्या पोरांनी वर्गणी काढून नव्या फळ्या आणल्या होत्या, भेगा प्लॅस्टिकचा कागद आणि चिखल घालून बुजवल्या होत्या, आणि त्या बंधाऱ्यामागे फाल्गुनातही वरच्या वळणापर्यंत पाणी उभं होतं.